कापूरहोळ ते टोरांटो: वीस तास

कापूरहोळच्या फाट्यावर माझं विमान-तिकिटांचं छोटं दुकान आहे. मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही, पण किस्से एवढे साठलेत की एक सांगायला घ्यावा तर मागचे तीन पुढे घुसतात! गिऱ्हाईक कुठंही निघालेलं असो, पहिला प्रश्न ठरलेला. "किती तास लागत्यात?"

उत्तर मी देतो, हिशेब दगडूनाना लावतात. नाना एसटीचे रिटायर्ड कंडक्टर, दिवसभर माझ्याच दुकानात. तिकीट निघालं की टेबलावर दोनदा टकटक करतात. डबल बेल! त्याशिवाय आमचं विमान हलत नाही.

*

वरव्याचा एक जण पहिल्यांदाच दिल्लीला निघाला होता. "दोन तास दहा मिनिटं," मी म्हणालो.

"म्हंजे भोर-स्वारगेट!" नाना म्हणाले. "कात्रजला ट्रॅफिक लागलं तर दिल्लीच जवळ!"

*

दुबईला निघालेल्या एका वेल्डरनं तिकिटावरच्या वेळा बोटांवर मोजल्या. "जाताना दीड तास अन् येताना साडेचार? येताना घाट लागतो व्हय?"

तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं असतं, हे मी नीट समजावलं. त्यानं मान डोलावली, आणि उलटीची गोळी कधी घ्यायची ते विचारून गेला.

*

कामथडीच्या हिराकाकू महिनाभर येत होत्या. लेक वैशाली टोरांटोला, पहिलं बाळंतपण, जवळ बाईमाणूस नाही. काकूंना जायचं तर होतं, पण 'वीस तास' ऐकलं की तिकीट न काढताच घरी परतायच्या. मला त्यांची फार काळजी वाटायची.

त्यात मोबाईलवर विमानाची वाट पार उत्तरेकडून वाकडी दिसली. शाळेतले गुरुजी पृथ्वीचा गोल घेऊन आले. दोरा ताणून दाखवला की गोलावर हीच वाट सगळ्यात जवळची. अर्धा तास समजावलं.

नाना म्हणाले, "गुरुजी, बत्तीस वर्सं गाडीवर काढली म्या. वळसा पॅशिंजर उचलायलाच असतो!"

काकूंना तेच पटलं.

*

शेवटी एक तिकीट मी संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं. पाच वाजले तरी काकू बाकावरच. मी वैशालीला फोन लावून स्पीकर चालू केला.

"आई, नको येऊस," ती म्हणाली. "वीस तास बसायचं म्हणजे तुझ्या गुडघ्यांचं काय होईल? मी बघते माझं." पण आवाज कापत होता.

काकू ताडकन उठल्या. फोन तोंडाजवळ धरला.

"अगं, तू जल्माला यायला तीस तास लावलेस! तवा काय मला खिडकीची शीट दिली व्हती?"

पलीकडं वैशाली हसत होती की रडत होती, कळेना.

नानांनी टेबलावर दोनदा टकटक केलं.