वरच्या काकांचा वर्ग

जगातली कुठलीही वस्तू फेकून देण्याच्या लायकीची नसते, यावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहायला होता. कर्वेनगरातल्या आमच्या जुन्या सोसायटीत मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. सगळे त्यांना वरचे काका म्हणत, अगदी चौथ्या मजल्यावरचेसुद्धा. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर कारखान्यातली शिस्त त्यांनी जशीच्या तशी स्वयंपाकघरात आणली. नारळाच्या वड्या कापण्याआधी ते ताटावर स्टीलची पट्टी ठेवून सुरीच्या टोकाने रेघा आखून घेत. तूप कढवून उरलेल्या बेरीच्या वड्या, पाकात मुरवलेल्या संत्र्याच्या साली, शिळ्या पोळ्यांचे गूळ घालून केलेले लाडू, असं काही ना काही घेऊन ते दारात उभे असत. खाऊ नसेल तेव्हा वस्तू. जुन्या शर्टाची बाही कापून त्यांनी मला पाण्याच्या बाटलीला कव्हर करून दिलं होतं, मनगटाच्या बटणासकट. "बटण कशाला ठेवलंत?" असं मी विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "बाटलीला गार वाटलं तर लावा." सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांच्याच जुन्या पँटचं पायपुसणं मिळालं. स्वतःच्या पँटवर पाय ठेवायला बरं वाटत नाही, अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा काका म्हणाले, "इतकी वर्षं तिच्यावर बसलात, तेव्हा बरं वाटत होतं?"

खरं सांगायचं तर लोक त्यांना टाळत. वाईट कुणीच वागत नसे. डबा घेत, 'थँक्यू काका' म्हणत आणि दार लावून घेत. मीही त्यातलीच. आई गेल्यापासून मी घरी एकटीच होते, ऑफिसचं काम घरूनच चालायचं, दिवसचे दिवस माणसाचा आवाज फक्त हेडफोनमधून यायचा. तरी बेल वाजली की मी हेडफोन डोक्यावर चढवून दार उघडायची, म्हणजे मीटिंग चालू आहे असं वाटावं. काका खालच्या आवाजात, "चालू द्या, चालू द्या," म्हणत आणि डबा ठेवून जात. त्यांना ते कळत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात नोटीस बोर्डावर त्यांच्या रेखीव अक्षरात कागद लागला. 'मुलांसाठी मोफत वर्ग. घरच्या घरी खाऊ आणि वस्तू. रविवारी सकाळी दहा वाजता. येताना एक जुनी वस्तू आणावी. उशीर करणाऱ्यांनी येण्याची तसदी घेऊ नये.' त्या रविवारी साडेनऊपासून माझ्या छतावर खुर्च्या सरकत होत्या. दहा वाजले. मग सव्वादहा. जिन्यावरून मुलं उतरली ती खाली, एक पोहायला, दोन रोबोटिक्सला. वर कुणी गेलं नाही. छतावरचा आवाजही थांबला. मी लॅपटॉप उघडला, बंद केला. शेवटी दाराच्या खिळ्याला लटकत असलेली आईची मोडकी छत्री उचलली आणि वर गेले.

"वीस मिनिटं उशीर," दार उघडून काका म्हणाले.

"मग जाऊ का परत?"

"आता आलाच आहात तर बसा."

आत बारा खुर्च्या होत्या. प्रत्येकीसमोर एका वाटीत मोजून कुरमुरे, एका कागदात शेंगदाणे. मुलं येणार म्हणून काकांनी इस्त्रीची पँट घातली होती. गॅसवर बारा मुलांच्या हिशेबाने गुळाचा पाक चढवलेला, आणि तो नेमका तयार झाला होता. "पाक थांबत नाही. हात ओले करा," ते म्हणाले. पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं हात पोळून घेत बारा जणांचे लाडू वळत होतो. काकांचे लाडू एकाच मापाचे. माझा एक उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हा बटाटा म्हणून चालेल."

मग त्यांनी छत्री हातात घेतली. छत्रीच्या कापडाची पिशवी चांगली होते, न भिजणारी, हे त्यांनीच मला पूर्वी दोनदा सांगितलेलं. कात्री समोरच होती. त्यांनी छत्री उघडली, दांड्यावर आईने रंगाने घातलेलं नाव पाहिलं आणि मिटली. "हिची पिशवी नको," म्हणाले. "दोन काड्याच मोडल्यात. दुरुस्त करू." मी वळून लाडू मोजायला लागले. त्यांच्याकडे बघितलं असतं तर रडले असते, आणि ते दोघांनाही परवडलं नसतं.

त्यानंतर मी दर रविवारी वर जाऊ लागले. ते शिकवत, मी चुकत असे. आम्ही दोघंही एकटे आहोत, हा विषय कधी निघाला नाही. पण गुरुवार-शुक्रवारपासून मी घरात काही फुटलं-फाटलं आहे का, ते शोधत असायची.

मग आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. तीन वर्षं सगळ्यांनी बाहेर भाड्याने राहायचं. मी कात्रजला जागा घेतली. काकांना त्यांचा पुतण्या हडपसरला घेऊन गेला.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. चौदाव्या मजल्यावरचं घर, लखलखीत. पुतण्याची बायको खरंच प्रेमळ होती. "मी काकांना सांगते, आयुष्यभर केलंत, आता आराम करा. हवं ते दहा मिनिटांत दारात येतं," ती म्हणाली आणि चहा करायला आत गेली. काका बाल्कनीत खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर ठेवून. ते हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते.

"कसं वाटतंय इथं?"

ते आत बघून हळूच म्हणाले, "उत्तम आहे. पण इथं काही मोडतच नाही हो."

निघताना ते मला सोडायला बस थांब्यापर्यंत आले. माझी बस आली. मी शेवयांच्या खिरीचं काहीतरी विचारत होते, ते दुधाचं माप सांगत होते, बस गेली. दुसरी आली, तीही गेली. दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. तिसरी आली तेव्हा तेच म्हणाले, "या आता. लांब जायचंय तुम्हाला."

मी खिडकीपाशी जागा धरली. मला वाटलं, ते आता घराकडे वळतील. पण सिग्नलला बस वळेपर्यंत ते बाकावर बसलेले दिसत होते, पुढच्या बसची वाट बघणाऱ्या माणसांमध्ये, त्यांच्यातलेच एक असल्यासारखे.