दुसरी खोटी गाठ

देवावर माझा विश्वास होता, पण दोरावर होता तेवढा नव्हता. हे कबूल करायला आज लाज वाटते, तरी सुरुवात इथूनच करायला हवी. बायको दर वर्षी जांब समर्थला देवदर्शनाला जाते. मी तिला गाडीतून नेतो, हात जोडतो, आणि मनात म्हणतो की आपलं काम चोख असलं म्हणजे देवाला त्रास द्यावा लागत नाही. ती एकदा म्हणालीसुद्धा, "तुम्ही देवासमोर असे उभे राहता, जसं काही तपासणीलाच आलात." मी हसलो होतो, कारण ते खरंच होतं.

वीसेक वर्षं मी शहरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना डोंगरात नेतो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तसं चारचौघांची जबाबदारी अंगावर पडल्याशिवाय नेतृत्व येत नाही, असं माझं मत. म्हणून शिबिरात रोज एक जण त्या दिवसाचा नायक असतो. त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा, माझ्यासकट सगळ्यांनी ऐकायचा. आणि माझी आणखी एक रीत होती, तिचा मला फार अभिमान होता. कड्यावरून उतरायच्या आधी मी दोर लावताना मुद्दाम एक गाठ चुकीची बांधायचो. एकच. ती सापडल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. मुलांना तपासायची सवय लागावी म्हणून हा खटाटोप. मुलं तिला खोटी गाठ म्हणायची. माझा एक जुना सहकारी म्हणायचा, "अरे, हा विस्तवाशी खेळ आहे." मी त्याला सांगायचो, तपासणीची शेवटची फेरी माझीच असते ना, मग कसली भीती?

ही हकीकत भोकरदनच्या पुढच्या डोंगरातली, गेल्या हिवाळ्यातली. चौदा मुलं होती, दिवस बुधवार. माथ्यावर शेंदूर लावलेलं देवीचं एक उघडं ठाणं आहे, आणि त्याच्या पलीकडे साठेक फूट सरळ कडा. त्या माथ्यावर भरवशाचा खडक एकच. त्याला जाड पट्टा गुंडाळायचा, पट्ट्याची टोकं गाठीनं जोडायची आणि त्याच पट्ट्यात उतरायचा दोर नि सुरक्षेचा दोर असे दोन्ही अडकवायचे. मी सकाळी एकटाच वर जाऊन हे करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून सानिकाचे वडील. सानिका त्या दिवसाची नायक होती, चार दिवसांत चार वाक्यं बोलली असेल अशी मुलगी. ते म्हणाले, "सर, ती घाबरट आहे हो. तिला पहिली नका पाठवू." रेंज नीट नव्हती, म्हणून मी बोलत बोलत माथ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. दहा मिनिटं त्यांची समजूत काढली. शेवटी म्हणालो, "माझ्या दोरावर आहे ती. तुम्ही निर्धास्त राहा." मग परत येऊन राहिलेलं काम उरकलं.

मुलं वर आली, तपासणीला लागली. पाचच मिनिटांत आदित्य ओरडला, "सापडली! सुरक्षेच्या दोराची!" हशा पिकला, गाठ सोडून नीट बांधली गेली. ऊन चढत होतं, चौदा जणांना उतरवायचं होतं. सापडली ना, मग चला, असं म्हणून मी माझी शेवटची फेरी टाळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नायकानं पहिलं उतरायचं अशी रीत, म्हणून सानिका कमरेला हार्नेस घालून, त्याला दोर जोडून, दरीकडे पाठ करून काठावर उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती मागं फिरली नाही. मी तोंड उघडलं, "मागे झुक" म्हणायला.

"थांबा थांबा, जल्दी करू नका," मागून आवाज आला. एक म्हातारी हातात कुंकवाचा करंडा घेऊन धापा टाकत येत होती. ठाण्याची झाडलोट तीच करायची, हे मागून कळलं. "इथून मध काढायला उतरत्यात ते आमचे लोक बी आधी दोराला कुंकू लावत्यात. बिनकुंकवाचा दोर आई घेत न्हाई."

मी मनातून चिडलो. म्हटलं, "लावा माय, पण एकाच ठिकाणी. उशीर होतोय."

"एकीला लावायचं अन् दुसरीला न्हाई, असं कसं चालंल? सगळ्या बराबर."

मी सानिकाला दोन पावलं आत घेतलं. आजीबाई गाठीमागून गाठ शोधत चालल्या, प्रत्येकीला बोट टेकवत, पुटपुटत. मी घड्याळ बघत होतो. खडकाच्या मागे त्या वाकल्या आणि तिथंच थांबल्या. "काय ओ दादा, बाकीच्या समद्यांला शेपूट हाय. हिला न्हाई."

मी गेलो. पट्ट्याची गाठ होती ती, जिच्यावर दोन्ही दोर होते. गाठीबाहेर चार बोटं टोक सोडावं लागतं, भार आला की ते थोडं सरकतं म्हणून. इथं नखाएवढं होतं. मी पट्टा धरून ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्या ओढीला गाठ माझ्या हातात सुटून आली.

माझे कान एकदम सुन्न झाले. समोर मुलांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. हातात पट्ट्याची दोन मोकळी टोकं होती आणि मला आठवलं. ही गाठ मीच बांधली होती, मुद्दाम, फोन यायच्या आधी. आजची खोटी गाठ हीच होती. फोनवरून परतलो ते डोक्यातून सगळं पुसून, आणि आजची राहिलीच की म्हणून दुसरी बांधली. मुलांना एक सापडली आणि त्यांनी शोधणं थांबवलं, कारण एकच असते हे मीच त्यांना शिकवलं होतं. "मागे झुक" हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. ते आठवलं की आजही मी जेवता जेवता थांबतो.

आणि तेवढ्यात आदित्यनं टाळ्या वाजवल्या. "सर, आज दोन? भारी फसवलंत!" सगळे टाळ्या वाजवू लागले. मला फक्त हसायचं होतं. शाबास म्हणायचं, आजीबाईंचं कौतुक करायचं, आणि विषय तिथंच संपला असता. खरं सांगतो, मी हसायला सुरुवातही केली होती. पण सानिका टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या हातातल्या त्या दोन मोकळ्या टोकांकडे बघत होती.

मी मटकन खाली बसलो. म्हणालो, "ही मुद्दाम नव्हती. म्हणजे मुद्दाम होती, पण मी विसरलो. सानिका, तू आत्ता खाली पडली असतीस." टाळ्या थांबल्या. एक मुलगी रडायला लागली. मग मीही रडलो, पन्नाशी उलटलेला माणूस, चौदा पोरांसमोर. संध्याकाळी तिच्या वडिलांनाही हे सांगितलं आणि ते जे बोलले ते मान खाली घालून ऐकलं.

आजीबाईंना यातलं काही उमगलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मंगळवारी यवढी पोरं कधी पाहिली न्हाईत बाई इथं." कुणीतरी सांगितलं, आज बुधवार. त्या गोंधळल्या. "बुधवार? मी तर मंगळवारचं म्हणून आल्ते. मंगळवार-शुक्रवार सोडून मी येतच न्हाई." आणि स्वतःच्या म्हातारपणाला हसत ठाण्याकडे निघाल्या. त्यांचीही चूक झाली होती. ती माझ्या चुकीला आडवी आली. ती कशी आली, कुणी आणली, हे मला ठाऊक नाही आणि त्यावर वाद घालायची माझी आता इच्छाही नाही. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तर त्या दचकून म्हणाल्या, "अवो, आईच्या पाया पडा, माझ्या काय पडता?"

मी शिबिर तिथंच संपवणार होतो. सानिका म्हणाली, "सर, आज नायक मी आहे ना? तुम्ही आता दोराला हात लावायचा नाही. ठाण्यापाशी बसा." मी बसलो. ती आणि आदित्य पहिल्यापासून सगळं बांधत गेले, एकानं बांधायचं, दुसऱ्यानं ओढून बघायचं. बाकीच्यांनी रांगेत येऊन प्रत्येक गाठ हातानं पाहिली, आपापलं नाव घेऊन "पाहिली" असं म्हणत. ती पहिली उतरली, तेव्हा मी देवीसमोर बसून होतो. तपासायला माझ्या हातात काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसते हात जोडले.

ती पायवाटेनं पुन्हा वर आली, एकेक करून सगळे उतरले, आणि शेवटी मला म्हणाली, "सर, आता तुम्ही." इतक्या वर्षांत मी शेकडो मुलांना सांगितलं, दोरावर भार टाका, पाय आपोआप सापडतात. स्वतः मात्र कायम स्वतःच बांधलेल्या दोरावर उतरलो होतो. दरीकडे पाठ करून काठावर उभा राहिलो. त्या गाठी मी बांधल्या नव्हत्या, तपासल्याही नव्हत्या. ती शांतपणे म्हणाली, "मागे झुका, सर." मी "आई" म्हटलं आणि अंग सोडून दिलं. दोरानं मला धरलं.

शरण जाणं म्हणजे दुबळेपणा, असं मी समजत होतो. त्या साठ फुटांत कळलं की आजवर मला कुणी ना कुणी धरूनच ठेवलं होतं, फक्त मी त्याला माझंच काम समजत होतो. खाली पाय टेकले, वर पाहिलं. काठावर सानिका उभी होती, उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत, धडधाकट. याहून मोठं मागणं मला सुचलं नसतं, आणि ते मी मागण्याआधीच मला देऊन झालं होतं.