अप्पांचं रीळ आणि माझं 'हो'

मंडळी, आज सकाळी दारणा नदीवर माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, फ्लाय रिळाला (गळाची दोरी गुंडाळायच्या चाकाला) मोठा मासा लागला. ड्रॅगनं, म्हणजे रिळाच्या ब्रेकनं, दोरी हळूहळू सोडायला हवी होती. तो जाम झालेला. एका हिसक्यात दोरी तुटली.

खोलून पाहिलं, तर आतली बुचाची चकती दबून चिकटून बसलेली.

घरी आलं की ड्रॅग सैल करूनच रीळ ठेवायचं, नाहीतर चकती दबते, हे अप्पांनी मला हजारदा सांगितलेलं. आमच्या शेवटच्या फेरीनंतर रीळ मीच ठेवलं होतं.

पुढे ते हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "ड्रॅग सैल केलास ना गं?"

"हो अप्पा," मी म्हणाले. मनात म्हटलं, घरी गेल्यावर करू. दुसऱ्या दिवशी ते गेले. दोन वर्षं मी रिळाला हातच लावला नाही.

चकती नवी बसवता येईल हो. त्या 'हो'चं काय करू?