रॉड टिस्डेलच्या नावाची खोली

वर्नेल टिस्डेल आमच्या कॉर्ली कॉलेजच्या जिममध्ये तिकिटं विकायची. हॅटन्स फेरी या आमच्या गावात लहानथोर सगळे तिला मिस वर्नेल म्हणत. बास्केटबॉलचा सामना असला की ती खिडकीमागच्या उंच स्टुलावर बसलेली असायची. खांद्यावर शाल, तोंडात पेपरमिंटची गोळी आणि जिभेला धार. ओळखीवर फुकट आत शिरू बघणाऱ्या प्राध्यापकांची तर ती अजिबात गय करत नसे. "डॉक्टरसाहेब, तुमच्या आकाराला खरं तर दोन खुर्च्या लागतात. मी एका तिकिटावर सोडतेय, तेव्हा मुकाट्यानं काढा," असं ती अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. डॉक्टरसाहेब ओशाळं हसत तिकीट काढायचे.

मी कॉलेजच्या वाचनालयात कामाला होते आणि रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायचे. त्यामुळे तिची दुसरी बाजूही मला ठाऊक होती.

तिचा एकुलता एक मुलगा रॉडरिक, म्हणजे रॉड, याच जिममध्ये वारला. सत्त्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. रॉड संघात होता, पण बहुतेक वेळ बाकावरच बसलेला असायचा. उंच, हाडकुळा आणि सदा चेष्टेखोर. संध्याकाळच्या सरावात तो कोसळला. प्रशिक्षक एकटेच होते आणि खेळाडूंचं दुखणंखुपणं बघायला फिजिओ नावाचं माणूस कॉलेजात नव्हतंच. तालुक्याच्या गावाहून रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या हृदयाची भिंत जन्मापासूनच जाड होती असं नंतर कळलं. एक तरुण डॉक्टर वर्नेलला म्हणाला, "झटका देऊन हृदय चालू करायचं यंत्र हाताशी असतं, तर कदाचित..." आणि पुढचं त्यानं गिळलं. ते 'कदाचित' तिनं घरी आणलं आणि जन्मभर सांभाळलं.

तोवर ती शिवणाच्या कारखान्यात होती. वर्ष उलटायच्या आत तिनं कॉलेजात जाऊन तिकिटाच्या खिडकीवरचं काम मागून घेतलं. तिची बहीण तिच्यावर चिडली. "त्याच इमारतीत? वेड लागलंय का तुला?"

"तो शेवटी तिथंच होता ना," वर्नेल म्हणाली. "मग मी दुसरीकडे कुठं जाऊ?"

अशी वर्षं गेली. यंत्र आलं, पण एकच, आणि तेही ऑफिसात कुलपाच्या आत. पुढे एक फिजिओही नेमली, पण फुटबॉलचा संघ बाहेरगावी निघाला की ती त्यांच्याबरोबर जायची आणि जिममधली मुलं देवाच्या हवाली. वर्नेलनं एकामागून एक आलेल्या कॉलेजच्या तीन अध्यक्षांना हे सांगून पाहिलं. तिघांनीही तिचा हात हातात घेतला, मान हलवली आणि पैसे नाहीत म्हणून सांगितलं.

मग लामार पेटवे परत आला. हा रॉडच्याच संघातला आणि त्याचा जिवलग मित्र. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत नोकऱ्या करून तो आमच्याकडे क्रीडाप्रमुख झाला. आल्या आल्या त्यानं सांगून टाकलं की कॉर्ली आता मोठ्या कॉन्फरन्समध्ये जाणार. म्हणजे आजवर आम्ही आमच्यासारख्याच लहानसहान कॉलेजांशी खेळत आलो, आता मोठ्या विद्यापीठांच्या गटात शिरायचं. सामने टीव्हीवर दिसतील, पैसा येईल, मुलं येतील. पण त्यासाठी आधी नवं क्रीडागृह हवं. आमच्या जिमचं छप्पर गळायचं. पाहुण्या संघाला तर मुलींच्या अंघोळीच्या खोलीत कपडे बदलावे लागायचे.

गावाला याडच लागलं. चर्चच्या जेवणात तळलेल्या कॅटफिश माशाच्या ताटांवरून दुसरा विषय निघेना.

"टीव्हीवर आलो की माझं दुकानही दिसेल," न्हावी म्हणाला.

"तुझं दुकान दिसलं तर मोठ्या गटातून हाकलतील आपल्याला," मिस वर्नेल म्हणाली. "आधी ती खिडकी पूस."

क्रीडागृहाचा आराखडा वाचनालयाच्या भिंतीवर लावला होता. काचेआडच्या खास बैठका, छतापासून लोंबणारा टीव्हीसारखा अवाढव्य पडदा, सगळं त्यात होतं. वर्नेल चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग मैदानाला लागून काढलेल्या एका मोठ्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं. "हे काय?"

"फिजिओची खोली," लामार म्हणाला. "कायमचे दोन फिजिओ. प्रत्येक टोकाला झटक्याचं यंत्र. नव्या मुलांचं हृदय आधी तपासायचं आणि मगच मैदानावर सोडायचं. आणि मिस वर्नेल... खोलीला रॉडचं नाव द्यायचं आहे. तुमची हरकत नसेल तर."

तिनं आजवर रॉडचा फोटो कुणाला छापू दिला नव्हता. त्या दिवशी घरी जाऊन तिनं तो आणून दिला. पुढचं वर्षभर ती लामारबरोबर गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांच्या जेवणांना गेली. उभी राहून दोनच वाक्यं बोलायची. "हा माझा मुलगा. याला वेळेवर मदत मिळाली नाही." आणि खाली बसायची. लोक रुमाल काढायचे आणि मग पाकीट.

इमारत उभी राहिली. उद्घाटनाच्या आधी कामगारांसाठी जेवण ठेवलं होतं. तेव्हा वर्नेल मला म्हणाली, "चल, खोली बघून येऊ." दारावर रॉडच्या नावाची पितळी पाटी होती. आत घडीच्या खुर्च्यांच्या थप्प्या, पॉपकॉर्नची यंत्रं आणि गुंडाळलेले गालिचे. उभं राहायलाही जागा नव्हती. तिनं दार हळूच लोटून घेतलं आणि तशीच लामारच्या ऑफिसात गेली. मी मागोमाग.

लामार तिला पाहून उभा राहिला. ती का आलीय ते तो समजून चुकला होता.

"खर्च वाढला, मिस वर्नेल. काहीतरी कापावंच लागलं. दुसरा फिजिओ पुढच्या वर्षी. खोलीही."

"पडदा नाही कापला?"

"मोठ्या गटाकडून पाहणीला येणारे आधी पडदाच बघतात. बैठका मोजतात. एकदा आत शिरलो की मी सगळं करतो. शपथ घेतो."

"लामार, तू माझ्या पोराचा फोटो दाखवून पैसे गोळा केलेस. मी शेजारी उभी होते. म्हणजे मीही केले." तिचा आवाज चढला नाही. "ती पाटी तरी काढ."

"पत्रकांत छापलंय सगळीकडे. आता काढली तर लोक विचारतील."

"मग विचारू देत," ती म्हणाली आणि निघाली.

पाटी निघाली नाही. वसंतात मोठ्या गटाचे तिघं जण पाहणीला आले. कॉलेजचा बँड वाजला, गाव नटूनथटून उभं राहिलं आणि मिस वर्नेलला दारापाशी स्वागताला बोलावलं. ती येणार नाही असंच मला वाटलं होतं. आली. निळा पोशाख, हातमोजे, डोक्यावर ईस्टरच्या सणाला घालायची टोपी. मी विचारलं, "काय करणार आहेस?" तर म्हणाली, "काही नाही. पण खोटं बोलणार नाही."

पाहुण्यांनी पडदा पाहिला, बैठका पाहिल्या, खूशही दिसले. त्यांच्यात एक पिकल्या केसांची बाई होती. तिच्या हातात आमचं पत्रक होतं. ती थांबली आणि वर्नेलला म्हणाली, "हा तुमचा मुलगा ना? मला त्याची खोली पाहायची आहे."

अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला. वर्नेलनं लामारकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, त्यात रागही नव्हता. लामारनं किल्ल्यांचा जुडगा काढला, परत खिशात घातला आणि पुन्हा काढला. मग त्यानं दार उघडलं. एक खुर्ची घसरून खाली आपटली.

"खोली नाही," तो म्हणाला. "आम्ही पैसे मागितले खोलीसाठी आणि खर्च केले दुसरीकडे. हा निर्णय माझा होता. मिस वर्नेलचा काही संबंध नाही."

बाईनं पत्रकाची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं आणि पाहणी पुढे सरकली.

मे महिन्यात कळलं की मोठ्या गटानं दुसऱ्या कॉलेजला घेतलं. ते मोठ्या शहरातलं होतं. तिथं विमानतळ होता, हॉटेलं होती. खोली नीट असती तरी आमची निवड झाली असती की नाही, देव जाणे. पण गावाला बोट दाखवायला कुणीतरी हवं होतं. अर्ध्या गावानं लामारला धरलं आणि अर्ध्यानं वर्नेलला. "एका खोलीपायी गावाचं नशीब घालवलं," असं न्हाव्याच्या दुकानात उघड बोललं जाई. चर्चमध्ये आमच्या बाकावर पूर्वी दाटीवाटी असायची. आता आम्ही दोघी ऐसपैस बसायचो. ती एकदाच म्हणाली, "गुडघे तरी लांब करता येतात." पण त्या उन्हाळ्यात ती वाळली. गाणं सुरू झालं की ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही.

जुलैत एका दुपारी आम्ही तिच्या ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. लामार आला आणि पायरीवरच बसला.

"नोकरी गेली का?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"मग इतकं तोंड पाडायला काय झालं?"

बुटाच्या नाडीशी चाळा करत तो म्हणाला, "मी तुम्हाला त्या संध्याकाळचं कधी सांगितलं नाही. पाहणीच्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघितलंत ना, तेव्हापासून झोप नाही मला."

वर्नेलचे हात थांबले.

"रॉडच्या हातून चेंडू सुटला. मी म्हटलं, 'अरे, चेंडू आहे की गरम बटाटा?' तो हसला, माझ्याकडे वळला आणि दमल्यासारखा खाली बसला. मग आडवा झाला. तुम्हाला माहीत आहे तो कशी सोंगं करायचा. आम्हाला वाटलं, सोंगच आहे. आम्ही हसलो, मिस वर्नेल. टाळ्या वाजवल्या. मी त्याला पायानं ढोसलंसुद्धा, 'ऊठ की' म्हणून. मग त्याचा चेहरा दिसला. मी फोनकडे धावलो तर ऑफिसला कुलूप. भोजनगृहापर्यंत पळत गेलो. तेवढा वेळ आम्ही हसण्यात घालवला."

मला तिच्याकडे बघवेना. मी शेंगांकडे बघत राहिले.

"तो हसत होता?" तिनं अखेर विचारलं.

"पडायच्या आधी? हो. सगळ्यांत मोठ्यानं."

"मला वाटायचं, तो घाबरला असेल. मला हाक मारली असेल." तिनं मांडीवरच्या शेंगा बाजूला केल्या. "इतकी वर्षं मला तेच ऐकू यायचं, लामार. आणि तो हसत होता. हे तू स्वतःजवळ ठेवलंस?"

लामारनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. चाळिशी उलटलेला धिप्पाड माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत होता. वर्नेलनं त्याला रडू दिलं. मग परातीतल्या शेंगांचा ढीग त्याच्यापुढे सारला. "सोल," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं बसू नकोस माझ्या पायरीवर."

त्यानंतर लामार दोन वर्षं टिकला. तेवढ्या काळात त्यानं ती खोली स्वतः रिकामी केली, आपल्या हाताखालची एक जागा सोडून देऊन दुसरा फिजिओ आणला आणि नव्या मुलामुलींचं हृदय तपासणं सक्तीचं केलं. त्याला जायला सांगितलं तेव्हा मोठ्या गटाचं नावही कुणी काढत नव्हतं. पडदा अजून लोंबतोय. त्याचा डावा कोपरा पेटत नाही. आम्ही त्याच जुन्या कॉलेजांशी खेळतो आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात.

त्या खोलीत कुणाचा जीव वाचल्याचं मी पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच. एका हिवाळ्यात इमानी नावाची पहिल्या वर्षाची मुलगी आली होती. तिच्यासारखी उडी आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. तपासणीत तिच्या हृदयात दोष निघाला. शहरातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि तिचं खेळणं कायमचं बंद झालं.

पुढच्या सामन्याच्या दिवशी तिची आई, कॅमिल, तिकिटाच्या खिडकीशी आली. तिकीट मागायला नाही. "त्या खोलीवर तुमच्या मुलाचं नाव आहे ना?" ती म्हणाली. "माझ्या मुलीचं आयुष्य संपवलं त्या खोलीनं. ती माझ्याशी बोलत नाही. म्हणते, मी डॉक्टरांना होकार दिला म्हणून झालं. काल माझ्या अंगावर ओरडली, बूट फेकून मारला, दार आपटून गेली."

त्या दिवशी मी खिडकीवर तिच्या मदतीला बसले होते. मागे रांग खोळंबली होती. मिस वर्नेलनं रोकडीचा डबा माझ्याकडे दिला, खिडकी माझ्या ताब्यात दिली आणि बाजूच्या दारानं बाहेर आली.

"जोरात आपटलं?"

"काय?"

"दार. जोरात आपटलं का?"

"चौकट हलली," कॅमिल म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"ओरडू दे तिला," वर्नेल म्हणाली. "खूप वर्षं ओरडू दे." तिनं त्या बाईच्या खांद्याभोवती आपली शाल टाकली आणि तिला भिंतीकडच्या बाकावर नेऊन बसवलं. आत सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली. दोघी उठल्या नाहीत. मी रांगेतल्या लोकांना तिकिटं देत राहिले.