त्या दुपारी लाईट गेलीच नव्हती

प्रणालीचं नुकसान मी केलं. गेल्या वर्षी, भीमजयंतीच्या आदल्या शनिवारी, दुपारी साडेतीनच्या पुढे, अंबरनाथच्या बुवापाड्यात, माझ्या घरात, डोक्यावर पंखा फिरत असताना. पंख्याचं मुद्दाम लिहिते आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्यासाठी पत्रकं लिहिते त्या गल्लीच्या समितीतल्या पोरांना तर नाहीच. लोकांची बिंगं फोडणारी पत्रकं मी ढिगाने लिहिली — टँकरवर, तुंबलेल्या गटारावर, शाळेच्या गळक्या छपरावर. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत गुन्हा, गोल गोल फिरायचं नाही, असं मला शिकवलेलं. मग स्वतःवर वेळ आली तेव्हा कुठे गेलं ते शिक्षण?

तुम्ही मला ओळखता, पण नव्या माणसासाठी सांगते. मी दीपा. गल्लीत माझं नाव दोन कामांना घेतात. पत्रक आणि फोन. कुणाची मेमरी भरली, कुणाचे फोटो उडाले, कुणाच्या सासूला व्हिडिओ कॉल लागत नाही — जा दीपाकडे. नवीन खातं उघडताना विचारतात ना, पासवर्ड विसरलात तर कोड कुठल्या नंबरवर पाठवायचा? तिथे अर्ध्या गल्लीने माझा नंबर दिलाय. ‘तुझाच टाक गं, आमच्या नंबरचं आज रिचार्ज आहे तर उद्या नाही.’ मी टाकायचे. वर मिरवायचेही. अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या माझ्या कमरेला!

प्रणाली शाळेपासूनची मैत्रीण, मागच्या गल्लीतली. शाळेच्या लेझीम पथकात मी पुढे, शिट्टी माझ्या तोंडात. ती शेवटच्या रांगेत, कारण वळताना तिचा पाय हमखास चुकायचा. मी सगळ्यांसमोर ओरडायचे, ‘प्रणाली, मोज!’

आता खेळाकडे येते. तो मीच आणला. कुठल्या तरी परदेशातल्या दोघांनीच मिळून बनवलेला छोटासा खेळ, पण कर्दनकाळ. ठिपक्याएवढी एक मुलगी हातात कंदील घेऊन मनोरा चढते. प्रत्येक मजल्यावर एक राखणदार. त्याला हरवलं की तिथली शेकोटी पेटते, आणि पुढच्या वेळी तिथून सुरुवात. नाही हरवलं तर मरा, परत या, परत मरा. मी तिसऱ्या मजल्यावर अडकले. तिथे घण घेतलेला एक धिप्पाड गडी आहे. दिवाळीच्या सगळ्या सुट्ट्या त्याने मला कुटलं. शेवटी ‘हा माणसाने खेळायचा प्रकारच नाही’ असं जाहीर करून मी मोकळी झाले.

मग प्रणाली म्हणाली, मला दे ना. तिचा लॅपटॉप उल्हासनगरहून घेतलेला, सेकंडहॅन्ड. दुकानदार ‘साईं, एकदम चकाचक माल है’ म्हणाला होता. चकाचकच होता, फक्त बॅटरी मेलेली — वायर काढली की बंद. त्यावर मी खेळ घालून दिला. खेळ माझ्या खात्यावर घेतलेला, म्हणून तिच्या लॅपटॉपवरही माझंच खातं. तिच्या घरी नेट नाही. ती तशीच खेळायची.

आठवड्याभरात तिचा लॅपटॉप घेऊन आली, आणि माझ्यासमोर त्या घणवाल्याला पाडून दाखवलं. टाच जमिनीवर आपटत, ओठातल्या ओठात मोजत. ‘अगं, हा मारत कुठे? हा लेझीम खेळतोय. दोन पुढे, एक मागे, मग बैठक. बैठकीला हाण!’

शिट्टी कुणाच्या तोंडात होती? माझ्या. आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं.

‘भारी’ म्हणाले मी. तोंडाने. पोटात मात्र कुणी चुलीतलं लाकूड एक बोट पुढे सरकवावं तसं झालं. ते मग रोज सरकत गेलं. ती चौथ्या मजल्यावर, ती सहाव्या मजल्यावर. पेटलेल्या शेकोटीचे फोटो पाठवायची, खाली हसणारे चेहरे. मी रोज विचारायचे, ‘कुठवर?’ — आणि वाट कशाची बघायचे सांगू? ‘आज नुसती मेले गं’ या उत्तराची. ते आलं की मला जेवण गोड लागायचं. मैत्रीण होते मी तिची. सगळ्यांसमोर समतेवर बोलणारी.

ती तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर उभं काम. संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. आणि अशात तिला पुण्याच्या एका लहानशा गेम कंपनीची जाहिरात सापडली. खेळ बाजारात येण्याआधी तो खेळायचा, कुठे चुकतोय ते शोधून सांगायचं, त्याचाच पगार. बसून. सोमवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. आपल्या पसंतीचा एक खेळ, जिथवर पोहोचलोय तिथून खेळून दाखवायचा, आणि खेळणारा तिथे का मरतो ते समजावायचं. प्रणाली तोवर सगळ्यात वरच्या मजल्यावर पोहोचली होती. तिने टाचेवर सगळं बसवलेलं. ती नोकरी तिला लागणार, हे मला दिसत होतं. मला ते दिसत होतं, हाच तर मुद्दा आहे.

शनिवारी ती लॅपटॉप घेऊन आली. हँग होत होता. ‘बघ ना जरा, तुझ्याशिवाय कोण आहे?’ मी म्हटलं, ठेव, तोवर नाक्यावरून उसाचा रस आण. ती गेली.

मी लॅपटॉप साफ केला, आमच्या वायफायला जोडला आणि खेळ चालतो का बघायला तो उघडला. पडद्यावर एक प्रश्न आला. या लॅपटॉपवरचा खेळ आणि खात्यावर जपलेला खेळ जुळत नाहीत, कुठला ठेवू? लॅपटॉपवरचा म्हणजे तिचा, आदल्या दिवशीचा, शेवटच्या मजल्याचा. खात्यावरचा म्हणजे माझा, दिवाळीतला, तिसऱ्या मजल्याचा. एक ठेवला की दुसरा गेला. कायमचा.

चुकून बोट पडलं, असं लिहायचा मोह आत्ता, या ओळीलासुद्धा होतोय. नाही पडलं. मी माझा निवडला. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी ‘हो’ दाबलं. मनोऱ्याच्या वरच्या सगळ्या शेकोट्या गेल्या आणि समोर तो घणवाला उभा राहिला. माझ्या मनात काय आलं? — ये, आता तूही इथेच.

ती दोन्ही हातांत ग्लास घेऊन आत आली. मी तोंड पाडून सांगितलं, ‘मध्येच लाईट गेली गं. तुझी बॅटरी मेलेली ना... सगळं उडालं.’  तिने माझा ग्लास माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, ‘पी. बर्फ विरघळतोय.’

मी प्यायले. तेही लिहून ठेवते.

सोमवारी तिने तिसरा मजला खेळून दाखवला. कंपनीवाले म्हणाले, कळवतो. नाही कळवलं.

इथे थांबले असते तरी एक वेळ... पण मी पत्रक लिहिलं. तुम्ही वाचलंय ते. ‘अंधाराने गिळली लेकीची नोकरी.’ आमच्या गल्लीत लाईट जाते, हे खरंच आहे, त्यामुळे शंका कुणाला येणार? माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. वीज कार्यालयावर मोर्चा नेला. आपल्या खांबावर चढणाऱ्या वायरमनला घेराव घातला, नको ते ऐकवलं. तो मान खाली घालून पकड या हातातून त्या हातात करत राहिला. त्या शनिवारी आपल्या गल्लीची लाईट गेलीच नव्हती — त्याच्या वहीत तसंच असणार, पण आम्ही त्याला तोंड उघडू दिलं तर ना!

मग प्रणालीला स्टुलावर उभं केलं. बोल, म्हणून मीच हाताला धरून चढवलं. ती दोनच वाक्यं बोलली. ‘लाईट गेली असं दीपा सांगते. मी तेव्हा रस आणायला गेले होते.’ लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटत होते, आणि टाळी वाजवता वाजवता थांबले. नाक्यावरचं उसाचं मशीन विजेवर चालतं. आमच्याच लाईनवर. ती तिथे उभी राहून चाकं फिरताना बघत होती. ग्लास घेऊन दारात आली, तेव्हाच तिला सगळं कळलं होतं.

त्या संध्याकाळी मला मेसेज आला. प्रणालीच्या खात्यावरून माझा नंबर काढून टाकला आहे. बस, एवढंच. तिने जाब विचारला नाही, गल्लीत बोंब केली नाही. आजही समोर आली तर ‘जय भीम, दीपा’ म्हणते आणि पुढे जाते. अजून पॅकिंगलाच आहे. मला तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटतो. किती हे!

आणि तो घणवाला? मी अजून त्याच्यापाशीच आहे. दोन पुढे, एक मागे, बैठक — सगळं पाठ आहे. टाच आपटून बघते. तरी मरते.

तिची माफी मागायला मी गेलेले नाही. तिने ‘असू दे गं’ म्हणावं आणि मी हलकी होऊन घरी यावं, एवढीही कमाई मला तिच्याकडून नको. तुमच्याकडूनही नको. ‘निदान कबूल तरी केलं’ असं कुणी म्हणू नका. त्या वायरमनला मात्र कुणी पुन्हा अडवू नका.

आणि आता फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये जा, तुमचं खातं उघडा, सुरक्षा दाबा. तिथे माझा नंबर असेल. काढा तो. आजच. आणि कसा काढायचा हे विचारायला माझ्याकडे येऊ नका.