काकू बोलल्याच नव्हत्या

मी पेशाने नर्स. वीस वर्षं लोकांच्या शिरा शोधण्यात गेली, त्यामुळे कुणी भुताखेतांचं सांगू लागलं की मी आधी त्याचं बीपी बघते... तरी हे लिहितेय, कारण हे माझ्याच कानांनी ऐकलंय.

रायपूरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर केमोच्या डे-केअरला मी असते. ब्राह्मणपाऱ्याच्या प्रमिलाकाकूंना तिथे खिडकीजवळची सहा नंबरचीच खुर्ची लागायची. मी तात्यापाऱ्याची, दोन्ही रायपुरातल्या जुन्या मराठी वस्त्या, म्हणून आमचं मराठीत चांगलं जमायचं. निघताना त्या न चुकता म्हणायच्या, "येते वं पोरी." 'जाते' कधीच नाही — आपल्यात म्हणतच नाहीत.

दर खेपेला आम्ही पेशंटला एक कागद देतो. शून्य ते दहा आकडे. मनाला किती त्रास होतोय, त्या आकड्यावर गोल करायचा. काकूंचा गोल कायम शून्यावर. मी आपली खूश.

पाचव्या खेपेला त्यांच्या तोंडात इतके छाले होते की तीन दिवस बोलणं बंद. खुणा करायच्या, नाहीतर वहीत लिहायच्या. डॉक्टरांनी केमो आठवडाभर पुढे ढकलली. मी कागद दिला तेव्हा मुलगा, अभय, शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर द्यायला नको होता, चूक माझीच. गोल शून्यावर. फाइलला लावला आणि ट्रे आवरायला वळले.

पाठीमागून काकूंच्या आवाजात अगदी स्पष्ट आलं — "जाते वं पोरी."

दुपारचे बारा वाजले असतील. वळले तर मायलेक पार लिफ्टपाशी पोचलेले. मग लक्षात आलं, काकूंना तर बोलताच येत नाहीये... अंगावर काटा आला. माझ्या बाजूच्या सिस्टरने काहीच ऐकलं नव्हतं.

धावत गेले. अभयला औषधं आणायला पाठवलं, काकूंना बाकावर बसवून तोच कागद परत दिला. या वेळी गोल नऊवर. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'आता येनार नाही. दर खेपेले पोट्टा खाली गाडीपाशी रडून राहते. मले खिडकीतून दिसते.'

मलाच रडू आलं. काकूंना विचारून मी वही अभयला दाखवली. तो आईचा हात धरून आपल्या नेहमीच्या हिंदीत म्हणाला, "मैं तो रोऊँगा ही, आई. तू आती रह."

काकू आल्या. सगळ्या केमो पूर्ण केल्या. तोंड बरं झाल्यावर मी एकदा विचारलंच, त्या दिवशी काही बोलला होतात का?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बोलली नाही वं. मनात म्हनली होती... तुले कसं कळलं?"

मलाच अजून कळलेलं नाही. आता कागद देण्याआधी मी नातेवाइकांना चहाला पाठवते आणि पेशंटजवळ स्टूल ओढून बसते, एवढंच.

परवा काकू तपासणीला आल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "येते वं पोरी."

मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते.