कोपरीच्या आजीने न सांगितलेली गोष्ट

इरा, नील, तुमची कोपरीची आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई, जाऊन पाच आठवडे झाले. सकाळी तुमच्या काकांचा फोन आला तेव्हा डोंबिवलीच्या घरी मी चहा गाळत होते. चहा गाळून झाला, कप भरले आणि मग खुर्चीत बसले… खिडकीतला उजेड कितीतरी वेळ पाण्याखालून दिसावा तसा हलत होता.

इरा, तू पोटात होतीस तेव्हाची गोष्ट. तुझ्या आईला ल्युपस आहे. शरीर स्वतःवरच उलटतं असा तो आजार. त्यासाठी ती मलेरियावरची एक गोळी रोज घेते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि ती माझ्याकडे आली. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, छापील कागदावर माझा फार विश्वास. गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावरचे बारीक अक्षरांतले इशारे वाचून मी घाबरले. "अगं आई, डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलीय," ती म्हणाली. "त्यांना शंभर पेशंट. मला तू एकच," म्हणत मी खोकं कपाटात ठेवून दिलं.

तीन आठवड्यांनी विहीणबाई करंज्या घेऊन आल्या. दुपार सायीसारखी संथ होती… तुझ्या आईने ताटली पुढे केली आणि त्या थबकल्या. "हात हलव बघू, सूनबाई. बांगड्या वाजत का नाहीत?" डोहाळजेवणाचा हिरवा चुडा सुजलेल्या मनगटांत रुतला होता. गालांवरची लाली मी गरोदरपणाचं तेज समजत होते. "गोळी घेतेयस ना गं?" तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुढे केला.

"यातलं मला अक्षर कळत नाही हो, विहीणबाई. पण या कागदाने हिला तपासलंय का? चपला घाला," त्या म्हणाल्या.

डॉक्टर चिडल्याच. गोळीने बाळाला धोका नाही, थांबवली तर आजार उसळतो आणि मग दोघींना धोका. "बंद कोणी केली?" मी तो कागद पर्समध्ये सरकवला. विहीणबाई म्हणाल्या, "राहून गेली हो. आता नाही राहायची."

सूज उतरेपर्यंतचे दिवस मला धुक्यातले वाटतात. तू पूर्ण दिवसांची, रडकी, गुटगुटीत आलीस. तुझी आई तुला अंगावर पाजू लागली तेव्हा गोळीवरून मी पुन्हा चाचरले, तर त्यांनी डॉक्टरांना थेट विचारलं. दुधात अगदी थोडी उतरते, चालू ठेवा, असं उत्तर आलं.

परवा कोपरीला गेले. त्यांच्या पलंगावर बसले होते, खाडीकडचा वारा येत होता. शेजारीण म्हणाली, "तुम्हीच का त्या? काकू सांगायच्या, आमच्या विहीणबाई भारी शिस्तीच्या, लेकीची एक गोळी चुकू दिली नाही."

मी तिथे काही बोलू शकले नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.